मिस्टर टिमिन्सच्या जागेवरचा ग्लेन

ग्लेन हाफ पँट घालून वॉर्डात यायचा. बर्मिंगहॅममध्ये, ऐन नोव्हेंबरात. आम्ही बाकीचे स्वेटरवर स्वेटर चढवून रेडिएटरला चिकटलेलो असायचो आणि हा धिप्पाड गडी पांढरा टी-शर्ट, निळी हाफ पँट अशा अवतारात कुणातरी आजोबांना वॉकरसकट घेऊन कॉरिडॉरमधून डुलत यायचा. वॉर्डच्या सिस्टरने एकदा त्याला टोकलं, तर म्हणाला, "माझे गुडघे दिसल्याशिवाय पेशंटला कसं कळणार, गुडघा वाकतो कुठून?" मी नागपूरच्या उन्हात वाढलेली. मला नुसतं त्याच्याकडे बघूनच हुडहुडी भरायची.

ही दोन हजार पाच सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा वयस्कर लोकांच्या रिहॅब वॉर्डात रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालची डॉक्टर, होते. घरात पडले, हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता पुन्हा चालायला शिकायचं, अशी मंडळी आमच्याकडे यायची आणि त्यांना चालतं करायचं काम ग्लेनचं. तो मेलबर्नच्या बाजूच्या कुठल्याशा गावचा, दोन वर्षांच्या व्हिसावर आलेला फिजिओथेरपिस्ट. त्या काळात आमच्या हॉस्पिटलात ऑस्ट्रेलियन पोरापोरींचा नुसता सुळसुळाट होता. शुक्रवारी ड्युटी संपली की ही टोळी पाठीवर पिशव्या टाकून प्रागला नाहीतर बार्सिलोनाला पळायची आणि सोमवारी सोललेली नाकं घेऊन परत यायची. ग्लेन त्यांचा म्होरक्या.

त्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रेलिया ॲशेस हरली होती, त्यामुळे पोर्टरपासून कन्सल्टंटपर्यंत सगळे त्याला जाता-येता डिवचायचे. ते तो हसून सोडून द्यायचा. पण फुटबॉलचं नाव निघालं की पेटायचा. "वारा लागला तरी पडतात आणि आईला हाका मारत लोळतात," तो म्हणायचा. "दीड तास धावून एक गोल होत नाही, आणि त्यासाठी तुम्ही रडता?" त्याच्याकडचा फुटबॉल वेगळा. लांबट बॉल, क्रिकेटएवढं मैदान, आणि खेळाडू बॉलसाठी सरळ एकमेकांच्या खांद्यावर चढतात. त्या खेळात म्हणे गोलच्या खांबांच्या दोन बाजूंना आणखी एकेक खांब असतो. नेम थोडक्यात चुकून बॉल त्या बाजूच्या फटीतून गेला, तर गोल नाही, पण एक पॉइंट मिळतो. इतका कनवाळू नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात ऐकलेला नाही.

हा नियम त्याने वॉर्डातही लागू केला होता. एखाद्या आजीबाई खुर्चीतून उठायला जायच्या, अर्ध्यावर जाऊन धपकन परत बसायच्या आणि रडवेल्या व्हायच्या. ग्लेन ओरडायचा, "वन पॉइंट!" आजीबाई चक्रावून बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारायच्या, आजचे माझे किती झाले म्हणून. माझ्या शिक्षणात हे कुठे नव्हतं. आमच्याकडे नापास म्हणजे नापास.

आणि मग आमच्याकडे मिस्टर टिमिन्स आले.

आर्थर टिमिन्स, विधुर, सगळं आयुष्य कारखान्यात लेथवर उभं राहून काढलेलं. स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना स्टुलावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालेलं, एक्स-रे बघून सर्जनला कौतुक वाटावं असा. पण हा माणूस पलंगावरून उठायलाच तयार नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. हाड जुळत होतं, माणूस जुळत नव्हता. आमच्या कन्सल्टंटच्या तोंडी नर्सिंग होमची, म्हणजे कायमचं वृद्धाश्रमात पाठवण्याची, भाषा यायला लागली.

ग्लेनने एक दिवस व्यायामाचं नावच काढलं नाही. खुर्ची ओढून नुसता शेजारी बसून राहिला. अर्ध्या तासाने माझ्याकडे येऊन म्हणाला, "डॉक, त्याला खुब्याची काळजीच नाहीये. त्याला जागेची काळजी आहे."

भानगड अशी होती. हॉस्पिटलपासून दोन बस स्टॉपवर एका छोट्या क्लबचं मैदान होतं. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, तो इतक्या खालच्या डिव्हिजनमध्ये होता की बर्मिंगहॅमच्या लोकांनाही तो अजून चालू आहे हे ऐकून आश्चर्य वाटायचं. त्या मैदानात गोलच्या मागे टेरेस होतं. टेरेस म्हणजे आपली गच्ची नव्हे, खुर्च्या नसलेल्या सिमेंटच्या रुंद पायऱ्या, आणि मध्ये मध्ये रेलून उभं राहायला लोखंडी दांडे. त्यातल्या एका दांड्याशी मिस्टर टिमिन्स तरुणपणापासून उभे राहत होते. जागेला नंबर नाही, पण कुणी दुसऱ्याच्या जागेवर उभं राहत नाही. मात्र काही मॅच एखादी जागा रिकामी दिसली की शेजारचा सरकतो, त्याच्या शेजारचा सरकतो, आणि जागा जाते. गेलेली जागा परत मागायची नसते, तसं करणं फार हलकेपणाचं समजतात.

"माझी आता गेलीच असणार," मिस्टर टिमिन्स म्हणाले होते. "मग मी चालायला शिकून जाऊ कुठे? टॉयलेटला?"

ग्लेन म्हणाला, "मी उभा राहतो तिथे. तुम्ही येईपर्यंत."

"तू? ऑस्ट्रेलियन?"

"फक्त जागा धरायला. मॅच बघायलाच पाहिजे असं थोडंच आहे."

आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. मिस्टर टिमिन्सनी सहा फुटी ऑस्ट्रेलियन टाकला. पण ग्लेनने बदल्यात एक अट घातली. मॅचमध्ये काय झालं ते तो सोमवारी सांगेल, पण बसून नाही, चालता चालता. पहिला हाफ वॉर्डाच्या दारापर्यंत, दुसरा हाफ कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपर्यंत. मिस्टर टिमिन्स थांबले की मॅचही थांबणार. रविवारचा पेपर कुणी त्यांच्या जवळ न्यायचा नाही, आणि स्कोअर फोडणाऱ्याची सिस्टर गय करणार नाही.

पहिल्याच शनिवारी ग्लेनने घोटाळा केला. बराच वेळ तो थंडीत हात चोळत, मनातल्या मनात शिव्या देत उभा होता. मग मिस्टर टिमिन्सच्या टीमच्या एका पोराने लांबून जोरदार किक मारली आणि बॉल खांबाला जवळजवळ घासून बाहेर गेला. अख्ख्या टेरेसने डोक्याला हात लावला. आणि ग्लेन दोन्ही हात वर करून, जन्माची सवय, आनंदाने ओरडला, "येस!" त्या शांततेत एकटाच. शेजारच्या मिशीवाल्या माणसाने सावकाश मान वळवून विचारलं, "तू त्यांच्या बाजूचा आहेस का रे?"

सोमवारी वॉर्डाच्या दाराशी पोचता पोचता ग्लेनने हे सांगितलं तेव्हा मिस्टर टिमिन्स आधी संतापले. माझ्या जागेवर उभं राहून माझी अब्रू घालवलीस, म्हणाले. मग त्यांना हसू फुटलं. इतकं, की भिंतीच्या कठड्याला धरून त्यांना उभं राहावं लागलं. मी राउंडवर होते. आमच्या वॉर्डात आल्यापासून तो माणूस पहिल्यांदा हसत होता. आणि पलंगाजवळची ती भिंत सोडून पार वॉर्डाच्या दाराशी उभा होता, हे त्याच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

ग्लेनमध्ये बदल कधी झाला ते नेमकं सांगता येणार नाही. आधी तो सोमवारी "तुमची टीम हरली" म्हणायचा. मग "आपण हरलो" म्हणायला लागला. जेवणाच्या सुट्टीत औषधाच्या प्लॅस्टिकच्या वाट्या मांडून आमच्या फार्मासिस्टला ऑफसाइडचा नियम समजावून सांगायला लागला. त्या क्लबचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, अत्यंत कुचकामी होता, त्याबद्दल तो घरातल्या बिघडलेल्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलायचा. प्रागच्या सहली बंद पडल्या. एका घरात भाड्याने राहणारी ती सगळी टोळी आधी ग्लेनची टिंगल करायला म्हणून एकदा मैदानावर गेली आणि पुढच्या शनिवारी कुणी न बोलावता पुन्हा गेली. टेरेसच्या तळाशी छप्पर संपतं तिथे पाऊस यायचा, त्यामुळे ती पायरी कुणाची नव्हती. ती ऑस्ट्रेलियाने घेतली.

एका शनिवारी मोठ्या मॅचची गर्दी होती आणि ग्लेनला वॉर्डातून निघायला उशीर झाला. पोचला तर मिस्टर टिमिन्सच्या जागेवर एक आडदांड माणूस. ग्लेन त्याला म्हणाला, "ही जागा एकाची आहे."

"कुणाची? तुझी?"

"माझी नाही. आर्थर टिमिन्सची. ते हॉस्पिटलात आहेत."

तो माणूस बिचारा मुकाट्याने बाजूला झाला. पण मिशीवाला एकदम वळला. "आर्थर? म्हणजे निळा मफलरवाला? तो गेला नाही?" आजूबाजूचे चार-पाच जण जवळ आले. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले हे लोक, पण एकालाही आर्थरचं आडनाव माहीत नव्हतं. रिकामी जागा बघून सगळ्यांनी मनात समजूत करून घेतली होती, आणि कुणाला विचारणार? हा ऑस्ट्रेलियन म्हणजे कुणीतरी भाचा असावा, असंही ठरलं होतं. त्या दिवसापासून ग्लेनबरोबर निरोप यायला लागले. आर्थरला सांग, लेफ्ट बॅक अजून तसाच आहे. आर्थरला सांग, चहा आणखी वाईट झालाय. मिस्टर टिमिन्स हे निरोप तोंड वाकडं करून ऐकायचे आणि खिडकीपर्यंत जाऊन आणखी एक फेरी मारायचे.

डिस्चार्जच्या मीटिंगमध्ये मात्र चकमक झाली. पेशंटचं ध्येय काय, असं विचारल्यावर ग्लेन म्हणाला, "सीझनच्या शेवटच्या मॅचला टेरेसवर आपल्या जागी नव्वद मिनिटं उभं राहणं." कन्सल्टंटने चष्मा काढला. "ग्लेन, बी रिअलिस्टिक. घरातल्या घरात टॉयलेटपर्यंत एकट्याने जाणं, हे ठेवू या."

"टॉयलेटला जायचं म्हणून कुणी आयुष्यात व्यायाम केलाय का?" ग्लेन म्हणाला. "तुम्ही केला असता?"

कन्सल्टंटला हसू आवरेना. ख्रिसमसच्या आधी मिस्टर टिमिन्स काठी घेऊन आपल्या पायाने घरी गेले आणि दर सोमवारी व्यायामासाठी आमच्या डे हॉस्पिटलला, म्हणजे दिवसापुरत्या विभागात, यायला लागले. घरी रेडिओ होता, पण शनिवारी तो लावायचे नाहीत. मॅच ग्लेनच्या तोंडूनच ऐकायची.

त्या जानेवारीत आम्ही ग्लेनला जेवायला बोलावलं. माझा नवरा माधव तिथल्या एका बँकेत होता आणि क्रिकेटवरून त्याला ऑस्ट्रेलियनांचे जुने हिशेब चुकते करायचे होते. ग्लेनने टोस्टला माझा मिरचीचा ठेचा लोण्यासारखा फासला, डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला आणि आणखी मागितला. माधव म्हणाला, "तुझ्यासारखा क्रिकेटचा माणूस, आणि या पडक्या क्लबच्या नादी कसा लागलास? ते तर दर आठवड्याला हरतात."

"तेच तर," ग्लेन म्हणाला. "माझ्या देशात आम्ही जिंकायची सवय लावून घेतलीय. हरलं की आम्ही चॅनेल बदलतो. ही माणसं हरणार हे माहीत असून येतात. हरल्यावर 'सी यू सॅटर्डे' म्हणतात. मी असं कुणासाठी कधी उभाच राहिलो नव्हतो."

तो गेल्यावर माधव भांडी विसळताना म्हणाला, "अगं, हा पेशंटला बरं करतोय की पेशंट याला?" मी म्हटलं, तू ती कढई नीट घास. पण मला त्या दिवशी ग्लेन फार आवडला.

फेब्रुवारीत सगळं फिसकटलं. मिस्टर टिमिन्स कुणाला न सांगता एकटेच बस स्टॉपवर जायला निघाले आणि फुटपाथच्या कडेला घसरून पडले. हाड शाबूत राहिलं, पण धीर सुटला. पुढच्या सोमवारी ॲम्ब्युलन्सने आले ते व्हीलचेअरमध्ये, आणि उठेनात. ग्लेनने कोपराला हात लावला तर म्हणाले, "पुरे झालं, पोरा. ती जागा तुला दिली. तू घे. तुझी म्हणून घे."

मी शेजारच्या टेबलाशी उभी होते. ग्लेनचे कान लाल झालेले मला दिसले. त्या टोळीतल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, की त्या वेळी जगात त्याला दुसरं काही नको होतं. लोखंडाचा तो दांडा त्याचा जीव की प्राण झाला होता.

"मला नको," ग्लेन म्हणाला.

"का? आवडते ना तुला?"

"आवडते. पण मी तिथे तुमच्या वतीने उभा राहतो. तुम्ही येणार नसाल तर मीपण जाणार नाही. राहू दे रिकामी."

मला वाटलं, बोलण्यापुरतं असेल. पण तो खरंच गेला नाही. त्या शनिवारी घरची मॅच होती, माझी ड्युटी होती, आणि ग्लेन सुट्टी असताना वॉर्डात आला. मॅचची वेळ झाली तशी त्याने वॉकरचं कपाट उघडलं, सगळे वॉकर बाहेर काढले आणि उंचीप्रमाणे परत लावले. मग पुन्हा काढले. खिडकी उघडी असली की मैदानाच्या बाजूचा गलका पुसट ऐकू यायचा, म्हणून त्याने खिडकी बंद केली. मी म्हटलं, "अरे, जा ना. त्यांना काय कळणार आहे?" त्याने पुढचा वॉकर उचलला.

सोमवारी मिस्टर टिमिन्स व्हीलचेअरमध्ये बसून वाट बघत होते. "हं, सांग."

"मला माहीत नाही. मी गेलो नव्हतो."

"मग कोण होतं तिथे?"

"कुणी नाही."

"रिकामी ठेवलीस?" म्हातारा असा कडाडला की सगळा हॉल वळून बघायला लागला. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उभे राहिले. काठी भिंतीशी राहिली होती. ती न घेता, बोट रोखून, ग्लेनला नको नको ते बोलत ते पाऊल टाकायला लागले, आणि ग्लेन मागे मागे सरकत राहिला. तो मुद्दाम सरकत होता हे मला कळत होतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाशी पोचल्यावर मिस्टर टिमिन्स थांबले, धापा टाकत मागे वळून खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाले, "येत्या शनिवारी जा. मुकाट्याने जा. मी येतो सीझन संपायच्या आत." इतकी जोखीम घ्यायची माझी छाती झाली नसती. तेव्हा मला ग्लेनचा रागही आला होता आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं.

मग तयारी सुरू झाली. मिस्टर टिमिन्स हॉस्पिटलच्या जिमच्या खिडकीशी नव्वद मिनिटं उभे राहायचे, मध्ये हाफ टाइमला बसून एक चहा. पायऱ्या चढायचे, उतरायचे. शेवटच्या मॅचच्या आदल्या आठवड्यात ग्लेनने पूर्ण परीक्षा घेतली. ते कुणाचाही, कशाचाही आधार न घेता उभे राहिले. मी स्वतः तपासलं आणि हो म्हटलं.

जूनमध्ये ग्लेनचा व्हिसा संपला आणि तो परत गेला. त्याच्या निरोपाच्या पार्टीला मी भारतात होते. त्यामुळे माझ्या मनात त्याचं शेवटचं चित्र आहे ते त्या एप्रिलमधल्या शनिवारचंच.

"असावं कुणी डॉक्टर," म्हणून त्याने मला बोलावलं होतं. पर्समध्ये स्टेथोस्कोप घालून मी माधवबरोबर गेले. मिस्टर टिमिन्स काठी टेकत एकेक पायरी चढत होते, ग्लेन एक पायरी खाली, हात न लावता. टेरेसवरचे सगळे लोक बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. जागा मोकळी ठेवली होती. मिस्टर टिमिन्सनी लोखंडी दांड्यावर दोन्ही हात ठेवले.

"ऑल राइट, आर्थर," मिशीवाला म्हणाला.

"ऑल राइट."

झालं, एवढंच स्वागत. आमच्याकडे असतं तर हार, पेढे आणि कुणाचंतरी भाषण झालं असतं. माझे डोळे भरून आले होते आणि या लोकांना दोन शब्द जास्त बोलायला काय होतं, म्हणून चीडही येत होती.

ग्लेन थोडा वेळ घुटमळला. इतके महिने तो जिथे उभा राहिला होता तिथे आता तो मावत नव्हता. "बरं, मग मी खाली जातो," तो म्हणाला आणि तळाच्या पायरीवरच्या आपल्या टोळीकडे निघाला. त्याचा चेहरा मला दिसला. कामात यश आलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"कुठे चाललास?" मिस्टर टिमिन्स मैदानावरची नजर न हलवता म्हणाले.

"खाली. आमच्या लोकांत."

"आणि मला धरणार कोण?"

ग्लेनने माझ्याकडे बघितलं. त्यांना धरायची काही गरज नव्हती, हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि मिस्टर टिमिन्सना तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. मिशीवाला अर्धं पाऊल डावीकडे सरकला. त्याच्या पलीकडचा सरकला, त्याच्याही पलीकडचा. ग्लेन वर आला, त्या फटीत उभा राहिला आणि मिस्टर टिमिन्सच्या कोपराखाली त्याने हात धरला.

दुसऱ्या हाफमध्ये, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्या कुचकामी लेफ्ट बॅकने गोल केला. सगळं टेरेस उसळलं. मी दोन पायऱ्या खालून चटकन वर बघितलं. ग्लेनचे दोन्ही हात आकाशात होते. शेजारी मिस्टर टिमिन्सचेही दोन्ही हात आकाशात होते, काठी कुठेतरी खाली पडली होती, आणि दोघंही गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. कुणीच कुणाला धरलेलं नव्हतं.